निरंक

लपविणे नेहमी कपटातूनच जन्मते असे नाही. पुष्कळदा ते स्नेहातून जन्मते, कधी भयातून, तर कधी कर्तव्याच्या अतिरेकातून. आणि असे लपविणारी माणसे मनाने निर्मळही असू शकतात. परंतु ज्याला लपविले जाते त्या जीवाला हा भेद कळत नाही. त्याच्या वाट्याला केवळ दार बंद होण्याचा आवाज येतो. नागपूरच्या वेशीवरील एका लष्करी छावणीत, चैत्राच्या उन्हात, अशाच एका बंद दाराच्या अलीकडे काही सज्जन माणसे एकत्र बसली होती, आणि आपल्या हातून काही अनुचित घडत आहे असे त्यांच्यापैकी कोणालाच वाटत नव्हते.

छावणीत जवानांच्या मुलांसाठी एक पाळणाघर होते. बैठी कौलारू इमारत, पुढे लांब व्हरांडा, अंगणात कडुनिंबाची जुनी झाडे. सकाळी आयांनी आपली मुले फाटकाशी सोडावी आणि दुपारी फाटकाशीच परत घ्यावी, असा तेथील नियम होता. फाटकाच्या आत पालकांना प्रवेश नव्हता. सुरक्षेसाठी केलेला हा नियम पुढे सवयीचा झाला होता, आणि आपले मूल दिवसभर कोठे बसते, काय खाते, कोणाशी खेळते, हे कोणत्याही आईने डोळ्यांनी पाहिलेले नव्हते.

हवालदार धम्मानंद गजभिये यांची पत्नी पुष्पलता हीही त्यांच्यापैकीच एक. धम्मानंद उत्तरेकडच्या सीमेवर होते. पुष्पलता छावणीतल्या क्वार्टरमध्ये राहून शहरातील एका रक्ततपासणी केंद्रात नोकरी करीत असे. तिची मुलगी उन्नती चार वर्षांची होऊन गेली होती. उन्नती बोलत नसे. हाक मारली तर वळून पाहत नसे. स्टीलच्या डब्याचे एक झाकण तिला अतिशय प्रिय होते. ते कानाशी धरून ती बोटाने त्यावर ठोका देई, तीनदा देई आणि थांबे, पुन्हा तीनदा देई आणि थांबे. त्या थांबण्यात ती कशाची तरी वाट पाहते, हे पुष्पलतेच्या ध्यानी आले होते. म्हणून ती ताटावर किंवा ओट्यावर उलट तीन ठोके देई, आणि उन्नतीच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी उजळून जाई.

गेल्या दिवाळीत शहरातील डॉक्टरांनी या स्थितीचे नाव सांगितले होते: स्वमग्नता. योग्य शिक्षण लवकर मिळाले तर मुलगी पुष्कळ पुढे जाईल, हेही सांगितले होते. पुष्पलतेने ते नाव छावणीत कोणाला कळू दिले नाही. धम्मानंदांचीच तशी इच्छा होती.

"आपल्या पोरीचं नाव अशा पोराईच्या यादीत लागलं का मले घराजवळ बदली मागा लागते," ते फोनवर म्हणाले होते. "मंग समदे म्हनतीन, गजभियेनं पोरीच्या नावावर सीमा सोडली. दम धर वं थोडा. बोलन ते."

म्हणून पाळणाघरात प्रवेश घेताना पुष्पलतेने हसून सांगितले होते, "आमच्या घरात सगळेच उशिरा बोलतात." पाळणाघराच्या प्रमुख मेघा भोयर यांनीही हसून मान डोलावली होती. मेघाताई मुलांत रमणाऱ्या, शांत स्वभावाच्या बाई. पहिल्या आठवड्यातच त्यांना सारे उमगले होते. त्यांनीही ते कोणाजवळ उच्चारले नाही.

असे हे मौन दोन्ही बाजूंनी निष्ठेने पाळले जात असताना तपासणीचा दिवस ठरला.

लष्करात तपासणीचा एक आचार असतो, आणि तो फार जुना आहे. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुन्याचे पट्टे द्यावेत, वाटेकडेचे दगड पांढरे करावेत, आणि जे धड नाही ते साहेबांच्या दृष्टीआड करावे. पाळणाघराची ही व्यवस्था सुभेदार मारोतरावांकडे होती. सेवेची अखेरची वर्षे मोजणारा हा करडा, प्रामाणिक माणूस दोन दिवस उन्हात उभा राहून काम करवून घेत होता. फाटकाशी उन्नतीची वाट पाहत उभ्या असलेल्या पुष्पलतेला ते दिसत होते. पायमोडक्या खुर्च्या, फाटक्या गाद्या, मान तुटलेला एक लाकडी डुलता घोडा, असे सामान जवान उचलून मागच्या खोलीत नेत होते.

"सुभेदारसाहेब, या घोड्याला नुसता रंग दिला तर?" एका जवानाने विचारले.

"मान नाई त्याले. रंग कुठं देतं, शेपटीले? टाक आत."

त्या दुपारी मेघाताई स्वतः उन्नतीला घेऊन फाटकाशी आल्या.

"गजभियेताई, उद्या हिला घरी ठेवता येईल का?"

"उद्या मला सुट्टी नाही, मॅडम. काही झालं का?"

"झालं काही नाही. उद्या कर्नलसाहेब येणार. मुलांना ओळीत उभं करायचं, टाळ्या होतील, गाणं होईल. हिला आवाज सहन होत नाही. उगीच त्रास."

त्या हे बोलताना उन्नतीच्या केसांतील क्लिप नीट करीत होत्या आणि पुष्पलतेकडे पाहत नव्हत्या.

पुष्पलतेने संध्याकाळी हुडकेश्वरला सासूबाईंना फोन केला. सिंधूताईंचा गुडघा आठवडाभर सुजलेला होता. "पाय उचलूनच नाई राहिला वं बाई," त्या कळवळून म्हणाल्या. "मले ऑटोत चढवाले दोघं लागतीन." तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी उन्नतीला घेऊन पुष्पलता नेहमीप्रमाणे फाटकाशी उभी राहिली. मेघाताईंनी तिला पाहिले, क्षणभर डोळे मिटले आणि उन्नतीचा हात हाती घेतला.

"बरं. बघते मी."

पुष्पलता वळणार तोच पहाऱ्यावरचा जवान म्हणाला, "ताई, थांबा. साहेबांचा आत्ताच निरोप आला. आज पालकांनी आत बसायचंय."

असा निरोप पूर्वी कधी आला नव्हता. तपासणीबरोबर लष्करी रुग्णालयातील एक डॉक्टर येणार होत्या, आणि पालकांना भेटल्यावाचून आपण अभिप्राय देणार नाही, असे त्यांनी कळविले होते. पुष्पलतेने केंद्रात फोन करून उशीर होईल असे सांगितले आणि व्हरांड्यातील खुर्चीवर बसली. दहाबारा आया होत्या, दोनतीन वडील होते. शेजारी लान्स नायक रामाजी बसले होते. रात्रपाळी करून सरळ इकडे आले होते.

"दोन वर्षं झाली पोराले इथं," ते कुजबुजले, "आज पहिल्यांदा आतला कूलर पाहून राहिलो."

"पाहून घ्या," मागून एक बाई म्हणाली, "उद्या पुन्हा फाटकच आहे."

दबलेले हसू उमटले. पुष्पलताही हसली. मग मुले ओळीने अंगणात आली आणि तिचे हसू मावळले. तिने ओळीचे पहिले टोक पाहिले, शेवटचे टोक पाहिले, आणि पुन्हा पहिल्यापासून एकेक चेहरा पाहिला. उन्नती ओळीत नव्हती.

आत वर्गात बसविली असेल, असे तिने मनाला समजाविले. परंतु वर्गाचे दार उघडेच होते आणि आत कोणी नव्हते. कुसुमताई ही मुलांना सांभाळणारी वयस्क बाईही कोठे दिसेना.

कर्नलसाहेब आले. साताऱ्याकडचे मितभाषी गृहस्थ. त्यांच्याबरोबर डॉक्टर होत्या. मुलांनी गाणे म्हटले, टाळ्या झाल्या, पाहुण्यांपुढे संत्रा बर्फीची बशी आली आणि तशीच राहिली. साहेबांनी स्वयंपाकघर पाहिले, पाण्याची टाकी पाहिली, खिडक्यांच्या जाळ्या हाताने ओढून पाहिल्या. मारोतराव एक पाऊल मागे राहून उत्तरे देत होते. सारे यथास्थित होते. व्हरांड्याच्या टोकाला, स्वच्छतागृहाच्या पलीकडे, ती मागची खोली होती. तिच्या कडीला बाहेरून एक लहान काडी अडकविलेली होती. पुष्पलतेची दृष्टी तेथे गेली आणि तेथेच खिळली. उंबरठ्याशी उन्नतीच्या पिवळ्या चपला एकमेकींना लावून ठेवलेल्या होत्या.

"विशेष साहाय्याची गरज असलेली मुलं किती?" कर्नलसाहेबांनी खुर्चीवर बसत विचारले. सगळ्या प्रश्नांच्या शेवटी विचारायचा तो प्रश्न होता.

"निरंक, सर," मेघाताई म्हणाल्या.

लष्करात निरंक हे उत्तम उत्तर मानले जाते. अपघात निरंक, तक्रार निरंक, गैरहजर निरंक. साहेबांनी मान हलविली. डॉक्टरांनी मात्र लेखणी खाली ठेवली.

"पंचेचाळीस मुलांत एकही नाही?" त्या सौम्यपणे म्हणाल्या. "मी मुद्दाम विचारते आहे. यंदा विशेष शिक्षिकेचं एकच पद मिळालं आहे. इथे गरज नसेल तर ते दुसऱ्या छावणीला जाईल, आणि पुन्हा कधी मिळेल ते मला सांगता येणार नाही."

"निरंकच आहे, मॅडम," मेघाताई पुन्हा म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यापेक्षा बारीक झाला होता.

त्याच वेळी तो ध्वनी आला. मागच्या खोलीतून, अगदी क्षीण. तीन ठोके आणि विराम. पुन्हा तीन ठोके.

"मागे काही काम चालू आहे?" साहेबांनी विचारले.

"मोडकं सामान आहे, साहेब," मारोतराव म्हणाले. "उंदीरबिंदीर असन."

ठोके आणखी एकदा आले. मग थांबले.

पुष्पलतेला त्या थांबण्याचा अर्थ ठाऊक होता. उन्नती उत्तराची वाट पाहत होती. खोलीला खिडकी होती की नव्हती, पुष्पलतेला माहीत नव्हते. पंखा होता का, पाणी होते का, हेही माहीत नव्हते. आपण बोललो, तर उद्या हीच माणसे म्हणू शकतील की हे मूल आमच्या आवाक्यातले नाही, घेऊन जा. मग नोकरी कशी करायची, आणि धम्मानंदांना काय सांगायचे? आपण न बोललो, तर शिक्षिका दुसऱ्या गावी जाईल, उन्नती येथेच राहील, आणि प्रत्येक तपासणीला कोणीतरी तिच्या चपला अशाच नीट लावून ठेवील.

"पालकांपैकी कोणाला काही सांगायचं आहे?" डॉक्टर विचारीत होत्या.

खुर्च्या नुसत्या करकरल्या. कर्नलसाहेबांनी टोपी हाती घेतली. ते आता उठणार होते.

पुष्पलतेने खुर्चीच्या लोखंडी हातावर अंगठीने तीन ठोके दिले.

व्हरांड्यात ते मोठे वाटले. सर्वांनी वळून तिच्याकडे पाहिले. आणि मागच्या खोलीतून, या वेळी जोराने, तीन ठोके आले.

"साहेब," पुष्पलता उभी राहून म्हणाली, "ते उंदीर नाहीत. ती माझी मुलगी आहे."

कूलरची घरघर तेवढी चालू राहिली. कर्नलसाहेब मेघाताईंकडे पाहत राहिले, मग मारोतरावांकडे, आणि अतिशय हळू आवाजात म्हणाले, "उघडा."

मारोतरावांनी काडी काढली. आत खिडकी होती, परंतु तिच्यापुढे गाद्या रचलेल्या होत्या. त्या अर्धवट अंधारात कुसुमताई जमिनीवर बसून पदराने वारा घालीत होती, आणि तो मान तुटलेला घोडा होता, आणि त्याच्यावर उन्नती. तिचे केस कपाळाला चिकटले होते. झाकण कानाशी होते. दार उघडल्यावर तिने माणसांकडे पाहिले नाही; जमिनीवर आलेल्या उन्हाच्या पट्ट्याकडे पाहिले.

"पोरगी खुश होती, साहेब," कुसुमताई घाबरून उठत म्हणाली. "म्या तिले पानी देलं, बिस्कुट देलं. घोड्यावरून उतरतच नवती. म्या हात नाई लावला तिले."

डॉक्टर पुढे सरसावणार तोच पुष्पलतेने हाताने त्यांना थांबविले. ती स्वतः मात्र आत गेली नाही. उंबरठ्यावर बसली, फरशीवर बोटाने तीन ठोके दिले आणि वाट पाहिली. सगळा व्हरांडा तिच्याबरोबर वाट पाहत होता. बऱ्याच वेळाने उन्नती घोड्यावरून उतरली, उन्हाच्या पट्ट्यावरून चालत आली आणि झाकण आईच्या मांडीवर ठेवून तिला टेकून बसली.

"हे कोणी ठरवलं?" कर्नलसाहेबांनी विचारले.

मेघाताईंनी पुष्पलतेकडे पाहिले.

"खोलीचं मला माहीत नव्हतं," पुष्पलता खालूनच म्हणाली. "पण आधी मीच लपवलं, साहेब. दिवाळीपासून मला माहीत आहे. मीच सांगितलं नाही. मॅडमना कशी दोष देऊ?"

तेव्हा मेघाताई पुढे आल्या. दोन वर्षांपूर्वी पियुष नावाचा एक मुलगा होता, त्या सांगू लागल्या. त्याला ऐकू कमी येत असे. त्यांनी नियमाप्रमाणे त्याचे नाव कळविले. आठवड्यात वरून उत्तर आले की, असे मूल सांभाळण्याची येथे सोय नाही. त्याची आई फाटकाशी उभी राहून रडत होती, आणि मेघाताई तिला फाटकाच्या आतून समजावीत होत्या.

"आता कुठे आहे तो?" डॉक्टरांनी विचारले.

"माहीत नाही. त्याच्या वडिलांची बदली झाली." त्यांनी डोळे पुसले. "मला वाटलं, निरंक म्हटलं तर ही तरी राहील."

कर्नलसाहेबांनी त्या गाद्यांकडे पाहिले. पियुषच्या वेळी ते येथे नव्हते. परंतु ज्या खुर्चीतून ते उत्तर गेले होते, त्या खुर्चीत आज ते बसत होते.

"शिक्षिका मिळेलच असं वचन मी देत नाही," ते म्हणाले. "ते माझ्या हाती नाही. पण अहवाल माझ्या सहीनं जातो, आणि हे फाटक माझ्या हुकमानं उघडतं. अहवालात निरंक जाणार नाही. मुलगी इथेच राहील. गजभियेबाई, तुम्हाला सकाळी तासभर आत येता येईल का? आमच्या माणसांना हिची रीत शिकवावी लागेल. आम्हाला ती येत नाही."

पुष्पलतेने केंद्रातील सकाळच्या पाळीचा विचार केला, आणि ती पाळी सोडावी लागेल, पगारही कमी होईल, हे तिला त्याच क्षणी कळले. "येईन," ती म्हणाली.

"सुभेदारसाहेब, ही खोली रिकामी करा."

"जी, साहेब." मारोतरावांनी नजर वर केली नाही.

संध्याकाळी फोन आला तेव्हा पुष्पलतेने काहीही आडपडदा न ठेवता सारे सांगितले. पलीकडे वाऱ्याचा आवाज होता.

"आयकून राहिले ना तुमी?"

"आयकून राहिलो." धम्मानंद म्हणाले. "उंदीर म्हने का तो सुभेदार?"

"हो."

"आन् पोरीनं उलटा जवाब देल्ला?"

"तीन ठोके. जोरानं."

ते हसले की आणखी काही झाले, ते वाऱ्यामुळे नीट कळले नाही. "मंग मीच काहून भेवून राहिलो इथं? उद्या साहेबाले सांगतो. ज्याले जे म्हनाचं ते म्हनू दे." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "ते झाकन फोनजवळ धर वं जरा."

शिक्षिका अजून आलेली नाही. कागद वर गेला आहे, इतकेच उत्तर मिळते. पुष्पलता रोज सकाळी फाटकातून आत जाते. मेघाताई तिच्या शेजारी बसून ठोक्यांची ती भाषा शिकतात. घाईने उत्तर दिले तर उन्नती तोंड फिरवते, म्हणून त्यांना फार काळ थांबावे लागते, आणि त्या थांबतात. कुसुमताईला अद्याप ते जमत नाही. "म्या चारदा वाजवलं त् पोरगी माह्याकडं अशी पाहते, जशी मी मास्तरीन नाई, बिनकामाची हाओ," असे ती सर्वांना सांगत फिरते. परवा फाटकाशी एका बाईने पदराआडून पुष्पलतेला हलकेच विचारले, "ते तुमचे शहरातले डॉक्टर कुठे बसतात?" पुष्पलतेने तिला पत्ता सांगितला आणि दुसरे काही विचारले नाही.

मागची खोली रिकामी करण्याचा हुकूम होता. मारोतरावांनी तिचे दारही बिजागरीतून काढून नेले. डॉक्टरांनी कारण विचारले तेव्हा ते ताठ उभे राहून म्हणाले, "मोडकं होतं, मॅडम." घोड्याला त्यांनी सुताराकडून नवी मान बसवून आणली. ती किंचित वाकडी बसली आहे, आणि उन्नतीला तीच पसंत आहे.

ज्यांनी भीतीपोटी लपविले आणि ज्यांनी मायेपोटी लपविले, त्या सर्वांच्या मनाला आता उजेड सोसवो. सीमेवर उभ्या असलेल्या पित्याची झोप हलकी आणि निश्चिंत होवो. पियुष जेथे असेल तेथे कोणीतरी त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलत असो. आणि त्या बालिकेने दिलेल्या प्रत्येक ठोक्याला, ती जगात जेथे जाईल तेथे, कोणाचे तरी उत्तर मिळत राहो.